लालावर पिवळा

मिरकरवाड्यात महिपत रंगाऱ्याचं घर कुणालाही विचारा. "ते सर्कशीसारखं ना? सरळ जा," असंच उत्तर मिळेल. दार निळं, चौकट केशरी. माजघराची एक भिंत गडद जांभळी, तर तिच्या समोरची पोपटी. पायऱ्यांना पिवळेकाळे पट्टे. खिडकीला जाळं तरंगत ठेवणाऱ्या लाल बोयांचं तोरण, पडद्याच्या जागी नमनाच्या खेळातल्या राजाचा जुना जरीचा अंगरखा उसवून लावलेला, खाली होडी चालवणाऱ्या सुलेमान तांडेलाने मस्कतहून आणलेला मोरांचा गालिचा. कशाचा कशाला मेळ नाही, आणि तरी बघणाऱ्याची नजर हलत नाही. मागच्या मे महिन्यात पुण्याची एक बाई अर्धा तास फोटो काढत होती. "आजी, लोक यासाठी डिझायनर लावतात," असं म्हणाली. महिपतच्या बायकोने, गोदाने, हसून तिला कोकमाचं सरबत दिलं. परक्या बाईला काय सांगायचं?

गोदाला यातला एकही रंग आवडत नव्हता. तिला आवडायचा पांढरा. लग्न होऊन आली तेव्हापासून दर दिवाळीला ती स्वतःच्या हाताने भिंतींना चुना लावायची. बुरोंडीला तिच्या माहेरीही तसंच असायचं. महिपत चाळीस वर्षं बंदरावर होड्या रंगवत होता. तो तिला चिडवायचा, "पांढरा हा काय रंग हाय? ते अस्तर. त्याच्यावर रंग मारायचा असतो." त्यावर दोघांचं दरवर्षी भांडण व्हायचं, आणि दरवर्षी गोदाच जिंकायची.

पाच वर्षांपूर्वी महिपतने एका होडीवर नाव लिहिलं ते उतरणीला लागलं. शेवटची दोन अक्षरं तर निळ्या पट्ट्यातच गेली. लोक हसले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येणार नाही, उरलं ते थेंब घालून राखायचं. त्यानंतर पांढऱ्या भिंतीपाशी ठेवलेली पांढरी कपबशी त्याला दिसेना. पण न्हाणीतली लाल बादली बरोबर दिसायची. गोदा शाळा चौथीपर्यंतच शिकलेली, पण तिने यातून काढायचं ते काढलं. फिकं आधी जातं, भडक मागाहून. मग तिने लवूला बोलावलं. लवू म्हणजे महिपतचा पुतण्या, त्याच्याच हाताखाली तयार झालेला. होड्यांचे उरलेले रंग त्याने आणले आणि एकेक भिंत करून गोदाने आपलं पांढरं घर सोडलं. भावकीतल्या बायका म्हणाल्या, म्हातारपणी हिला चळ लागला. लागू दे, म्हणाली ती.

तेव्हापासून रोज सकाळी चहाचा लाल कप त्याच्या हातात देताना ती विचारायची, "आज जांभळा कसा दिसतो?"

"कालच्यापेक्षा बरा," तो म्हणायचा. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

एकच भिंत तिने पांढरी राखली होती, गणपती बसतो त्याच्या मागची. ती तिची स्वतःची. पण यंदा श्रावणात महिपत त्याच भिंतीवर कपाळमोक्ष होता होता वाचला, आणि गोदाने मनावर दगड ठेवला. तो आठ दिवस देवरूखला लेकीकडे, शमिकाकडे, गेला होता. तिने त्याला फोनवर सांगितलं, "ती भिंत पिवळी करून घेते. तुमी पयली होडी रंगवलात तसा पिवळा." तो एवढा खूश झाला की फोन ठेवेना. पण गणपती तोंडावर आलेले, अख्खी रत्नागिरी घरं रंगवत होती. दुकानात तो पिवळा शिल्लक नव्हता. लवूकडे लाल होता, तोच मारला. आल्यावर सांगू, म्हणून गोदा गप्प राहिली.

तो आला. काठी दाराशी ठेवून सरळ भिंतीसमोर उभा राहिला. हात कमरेवर, मान जराशी कलती. होडी तपासताना उभा राहायचा तसा.

"वा, गोदे," तो म्हणाला. "पिवळा उठलाय हां. कडेला जरा पातळ मारलान लवूने, पण मदे बघ. नुसता सोन्यासारखा."

गोदाच्या हातात गूळपाणी होतं. ते तिने खाली ठेवलं. जांभळा बरा, पोपटी झकास, पडद्याची जर चमकते. कधीपासून हे नुसतंच बोलणं होतं? पाडव्यापासून? की त्याच्याही आधीपासून? माणूस आपल्या फायद्यासाठी खोटं बोलतो, हा तिच्यासाठी बोलत होता.

"होय," ती म्हणाली. "सोनंच."

मग गणपती आले. पाच दिवस दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला गोदाने पडवीतच अडवलं. "भिंत लाल हाय, पण ह्यांनी विचारलंनी तर पिवळी म्हणायची." लालभडक भिंतीसमोर बसून अख्खी भजनी मंडळी पिवळ्या रंगाची तारीफ करत होती. सखारामबुवांना तर राहवेना. ते म्हणाले, "हळद, हळद कुटून लावल्यासारखी." एक बाई पदर तोंडाला लावून हसली, तिच्याकडे गोदाने असं बघितलं की तिने प्रसादही न घेता घर गाठलं. महिपत मान डोलवत होता.

विसर्जनानंतर दुकानात पिवळा आला. गोदाने लवूला बोलावलं. निदान आपलं खोटं तरी खरं होईल, एवढाच तिचा विचार. महिपतला म्हणाली, "दुसरा हात मारून घेते."

"घे की," तो खुर्चीतून म्हणाला.

लवूने डबा उघडला, ढवळला, ब्रश बुडवला.

"लवू, थांब जरा," महिपत म्हणाला. "लालावर पिवळा धरत नाय. चार हात मारलेस तरी खालून लाल डोकावणार. शिकवलंय ना तुला? आदी पांढरं अस्तर मार."

लवूचा ब्रश तिथेच थांबला. त्याने काकीकडे बघितलं. काकी भिंतीकडे बघत होती.

"तुमाला कुणी सांगितलंन?" तिने विचारलं.

"तूच. पडवीत. पाच दिवस." तो हळूच हसला. "डोळे गेले गो, कान जाग्यावर हायत."

"मग इतके दिवस बोललात का नाय, दिसत नाय म्हणून?"

महिपतने खुर्चीचा हात चाचपला. "तू रोज सकाळी विचारायचीस, आज कसा दिसतो. नाय दिसत म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी काय विचारलं असतंस?"

लवू खाली मान घालून कामाला लागला. दुपारपर्यंत लाल झाकला गेला. भिंत पुन्हा होती तशी पांढरी झाली, तिच्या माहेरासारखी.

"झालं अस्तर?" महिपतने विचारलं.

"झालं. उद्या सुकलं की पिवळा मारतो," लवू म्हणाला.

"नको. ऱ्हाव दे तसाच." तो गोदाच्या दिशेने वळला, पण अंदाज चुकला. तो खिडकीशीच बोलला. "मला आता सगळे सारखेच. तुला पांढरा आवडतो ना? ऱ्हाव दे."

चाळीस वर्षं गोदा या रंगासाठी त्याच्याशी भांडली होती. आज तो त्याने आपणहून दिला आणि तिला तो नको होता. ती मोरांच्या गालिच्यावर बसली आणि लवूच्या देखत मोठ्याने रडली. महिपत उठून हात पुढे करत तिच्या आवाजाकडे आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा केला. लाल कपातच ओतला. त्याचं बोट धरून कप त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसली. तो रोजच्या प्रश्नाची वाट बघत राहिला. तिने काहीच विचारलं नाही, तेव्हा तो चहा प्यायला.