भुऱ्याचा खोकला

चिंगीच्या पुढच्या पायातून डॉक्टर गुंजनने रक्त घेतलं, तेव्हा कुत्रीपेक्षा बकाराम गुरुजींनीच डोळे घट्ट मिटले. केशोरीहून ते आले होते रेबीजच्या सुईसाठी. हे भलतंच निघालं.

"डास चावून हृदयात जंत होतात, गुरुजी. कुत्र्यांना होतात, मांजरांनाही. महिन्याला एक गोळी दिली की टळतं. पण जंत आधीच असतील, तर गोळीनं उलट त्रास व्हायचा. म्हणून अगोदर रक्त बघते."

"आणि झाले तर?"

"खोकला. थोडं धावलं की दम. शेवटी पोट फुगतं."

गुरुजींच्या डोळ्यांसमोर त्यांचा जुना कुत्रा भुऱ्या उभा राहिला. नऊ वर्षांपूर्वीचा, बैलबंडीच्या पुढे पुढे धावणारा, बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या पाळीवर धानाची राखण करणारा. घरची माणसं मच्छरदाणीत, आणि तो डासांच्या घोळक्यात. मग तो खोकू लागला, पोट फुगलं आणि गेला. त्याच आठवड्यात त्यानं नंदाबाईंनी अंगणात वाळत घातलेली मोहफुलं खाल्ली होती. "तुह्या मोहानं मारला त्याले," गुरुजी बायकोला म्हणाले होते. जन्मभर प्रत्येक गोष्टीत शंका काढणारा हा माणूस त्या एकाच वाक्यात ठाम होता. त्यानंतर घरात भुऱ्याचं नाव निघालं नाही.

"आमच्या जुन्या कुत्र्याला हेच झालं असेल?"

"असू शकतं. आता नक्की सांगता येणार नाही."

चिंगीच्या रक्तात काही निघालं नाही. गोळ्यांची पट्टी खिशात घालून गुरुजी परतले. वाटभर वाटत होतं, खात्री नाही तर कशाला उकरून काढायचं? पण खात्री तेव्हा तरी कुठं होती?

नंदाबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या.

"नंदा, भुऱ्या मोहानं नाही गेला बहुतेक."

सूप थांबलं. "कोन म्हनते?"

त्यांनी सगळं सांगितलं.

"आता बहुतेक म्हनून राहिले. मले बोलले तवा नाई म्हटलं बहुतेक."

"चुकलं माझं. मालूम नोतं, तरी बोललो."

नंदाबाई पुन्हा खडे वेचू लागल्या. वेचता वेचता म्हणाल्या, "त्या साली परतापगडच्या जत्रेत तो पहाडाच्या पायथ्याशीच बसला. तुमी आळशी म्हनले, मी बी हासली. तवाच दम लागत आसल त्याले."

"आसल."

"आपन उतरलो तं तिथंच होता. शेपटी हालवून राहिला होता." त्यांनी पदरानं नाक पुसलं. मग भुऱ्यानं पळवलेल्या जावयाच्या चपलेची आठवण निघाली, बैलांच्या मधे झोपायची त्याची खोड निघाली.

"ते गोळी कवापासून द्याची?"

"आजपासून."

"आना इकडं. तुमी डोळे मिटून देसान, अन् ते थुकून टाकल."

भाकरीच्या तुकड्यात गोळी दाबून त्यांनी चिंगीला भरवली. मग जबडा उघडून, जिभेखाली बोट घालून, ती खरंच गिळली का ते पाहिलं.