गार बॉनेट

नमस्कार करायच्या आधीच सुभेदार शिवाजी जगदाळे यांनी जीपच्या बॉनेटवर तळहात टेकवला आणि काही वेळ तो तसाच ठेवला. मग हात उचलून म्हणाले, "गरम हाय की ही."

जानेवारीतली सकाळ. उत्तरेकडच्या या शहरात, अलीगंज वस्तीवर धुकं इतकं दाट बसलं होतं की फाटकापलीकडचा कडुनिंब नुसत्या सावलीसारखा दिसत होता. विनया शालीत हात गुंडाळून व्हरांड्याच्या पायरीवर उभी होती. गाडी गरम आहे, यात सांगण्यासारखं काय, हे तिला कळेना.

अमोघला मात्र ते लगेच कळलं. तिचा हा मुलगा अमौसीच्या विमानतळावर एका विमान कंपनीत नोकरीला होता. मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून यायची हिंदीच. वडील गेल्यावर जीप विकण्याची जाहिरात त्यानेच पेपरात दिली होती. तो घाईघाईने म्हणाला, "अरे अंकल, मैं अभी दूध लेने गया था इसी में. बस, चौराहे तक."

सुभेदार वाकले. पुढचं चाक पाहिलं, मागचं पाहिलं. रबरावर दवाचे थेंब जसेच्या तसे होते. अंगणातल्या ओल्या मातीवर टायरची खूण नव्हती.

"उडवत नेली व्हतीस का, पोरा?" त्यांनी शांतपणे विचारलं.

अमोघच्या कानशिलांवर लाली चढली.

"बाई," सुभेदार विनयाकडे वळले, "सारी नोकरी फौजेच्या वर्कशॉपात गेली माझी. डिझेलचं इंजिन गार असलं तरच खरं बोलतं. आतनं झिजलेलं असलं, तर अशा गारठ्यात उठता उठत न्हाई. ते दिसू नये म्हणून विकणारा आधी तापवून ठेवतो. सगळेच ठेवतात. मला ही इथनं पार गावाकडं, पाटणपातूर चालवत न्यायची, आन् मग रोज घाट चढायचा, वाडीवरची पोरं शाळंत पोचवायची. म्हणून बघून घ्यावं लागतं."

"मग बघा ना."

"आता काय बघायचं? आपल्या मराठी माणसाची गाडी म्हणून कॅन्टोन्मेंटमधनं एवढ्या धुक्यात आलो व्हतो." ते मफलर गळ्याभोवती घट्ट करू लागले.

विनयाला थंडी वाजत होती, ती एकदम वाजेनाशी झाली. तिचा नवरा श्रीरंग भूजल खात्यात होता. जन्मभर त्याने या जीपमधून आणि त्याआधी सरकारी जीपमधून गावोगाव फिरून जमिनीखालचं पाणी शोधलं. नसेल तिथे नाही म्हणून सांगितलं. मग समोर सरपंच असो की आमदाराचा मेहुणा. त्यासाठी दोनदा बदली झाली, तरी त्याने शब्द फिरवला नाही. आणि आज त्याच्याच अंगणात, त्याच्याच गाडीवर हात ठेवून एक माणूस म्हणत होता की इथे फसवणूक चालते.

"गाडी मी चालू केली होती," ती म्हणाली. "मुलगा खोटं बोलला."

"आई, यार..."

"तू थांब." ती पायरी उतरून खाली आली. "सुभेदारसाहेब, मी रोज सकाळी सातला चालू करते. आमचे हे करायचे. आता मी करते. तुम्ही येणार म्हणून नाही केली."

"रोज?"

"रोज."

"चालवता येते तुम्हाला?"

"नाही. फक्त चालू करता येते."

"मग कशापायी करता?"

हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं. "बॅटरी उतरू नये म्हणून," ती म्हणाली. ते खरं होतं. श्रीरंगने तिला तेवढंच सांगितलं होतं.

सुभेदारांनी मान हलवली. "असं बी सगळे म्हणतात, बाई."

विनया आत गेली. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला जीपची किल्ली असायची. ती काढून तिने बाहेर आणली आणि त्यांच्यापुढे धरली.

"ही घेऊन जा. दुसरी नाही, ती शारदा कालव्यात पडली. उद्या सकाळी या. तोवर कुणी तापवायची म्हटली तरी तापवता येणार नाही."

"आई! ऐसे कैसे? किसी को भी चाबी दे दोगी?"

सुभेदारांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "पोरगं बरोबर बोलतंय. रात्रीत यून पळवली तर?"

"तर बॅटरी तरी उतरणार नाही," विनया म्हणाली.

त्यांच्या मिश्या किंचित हलल्या. किल्ली त्यांनी रुमालात बांधली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी विनया नेहमीसारखी उठली, शाल घेतली आणि खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा होता.

ती चहाचं पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. रोज तिचा एक ठरलेला क्रम असे. जीपमध्ये बसायचं, किल्ली अर्धी फिरवायची, इंजिन आतून तापवणाऱ्या हीटरचा नारिंगी दिवा विझायची वाट बघायची, मग पुढे फिरवायची. इंजिन घरघरू लागलं की ते तसंच सोडून आत यायचं आणि चहा टाकायचा. श्रीरंग होता तेव्हा त्या आवाजावरच ती चहा टाकत असे. गाडी बंद झाली की तो हात चोळत आत यायचा. आता पाणी उकळेपर्यंत अंगणात गाडी चालू असायची, आत चहा असायचा आणि तेवढा वेळ घरात काही कमी झालेलं नसायचं. मग तीच बाहेर जाऊन किल्ली फिरवायची. यातलं बॅटरीसाठी किती होतं, हे तिने कधी तपासलं नव्हतं.

भिंतीपलीकडून शेजारच्या सरोजचा आवाज आला. "भाभीजी! आज गाडी नहीं बोली? तबीयत तो ठीक है?"

"ठीक है, सरोज. चाबी किसी के पास है."

"हम तो घबरा गए. हमारे यहाँ तो उसी पे बच्चे उठते हैं."

सुभेदार आले तेव्हा धुकं कालच्याइतकंच होतं. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. उचलला तेव्हा दवात पाच बोटांची स्वच्छ आकृती उमटली होती.

"गार हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी जमिनीवर पोतं अंथरलं आणि टॉर्च घेऊन जीपखाली शिरले. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत गेले. गंजलेलं लोखंड बद्द वाजतं. कुठे नवा रंग फासून काही झाकलंय का, हे नखाने खरवडून पाहिलं. वर येऊन पायाखालची रबरी चटई उचलली, पाण्यात बुडाल्याची खूण शोधली. चेसिसवरच्या नंबराला कागद लावून पेन्सिल घासली आणि उमटलेले आकडे आरसी बुकाशी ताडून पाहिले.

"मागच्या स्प्रिंगचा पाटा बहराइचजवळ तुटला होता, तो बदललाय," विनया म्हणाली. "आणि चारही चाकांना जोर द्यायचा तो छोटा दांडा थंडीत अडकतो. आधी डावीकडे ढकलायचा, मग ओढायचा."

सुभेदारांनी दांडा डावीकडे ढकलून ओढला. तो बसला. "विकताना खोड कोण सांगतं, ताई?" ते पुटपुटले. कालच्या बाईंची आज ताई झाली होती. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि किल्ली तिच्या हातात दिली. "तुम्हीच चालू करा. मला मागं थांबून धूर बघायचाय."

ती आत बसली. किल्ली अर्धी फिरवली. नारिंगी दिवा लागला. या गारठ्यात तो नेहमीपेक्षा सावकाश विझतोय असं तिला वाटलं. नाही उठली तर? श्रीरंग गेल्यानंतर सातची वेळ आज पहिल्यांदाच चुकली होती. दिवा विझला. तिने किल्ली पुढे फिरवली. इंजिन एकदा कण्हलं, पुन्हा कण्हलं आणि धडधडत सुरू झालं.

मागे पांढऱ्या धुराचा एक लोट निघाला, धुक्यात मिसळला आणि मग नळीतून धूर यायचा थांबला. सुभेदार पुढे आले, बॉनेट उघडून तेलाचं झाकण काढलं आणि त्यावर हात धरला. झिजलेल्या इंजिनासारखे आतून वाफेचे धक्के येतायत का, ते अजमावत राहिले. मग झाकण लावून बॉनेट हलकेच खाली टेकवलं.

"इंजिन सच्चं हाय," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "काल बोललो ते मनात ठेवू नका. घेतो मी ही. दुपारी नेतो."

विनयाने मान हलवली. समोर स्वयंपाकघराची खिडकी होती. आत अमोघ उभा होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण गाडीचा आवाज झाला तसा त्याने गॅस पेटवला होता आणि पातेल्यात पाणी ओतत होता.

"बंद करा आता, ताई. डिझेल जातंय."

तिचा हात किल्लीवर होता.

"चहा उकळेपर्यंत राहू दे," ती म्हणाली.

सुभेदारांनी खिडकीकडे पाहिलं आणि काही न विचारता बाजूला सरकून उभे राहिले. बॉनेट हळूहळू तापू लागलं. त्यावरचं दव मधून सुकत कडेकडे गेलं आणि पाच बोटांची खूण त्यात कुठली, हे मग सांगता येईना.