आठची तार

माझ्या दुकानात रविवारी दुपारी गिऱ्हाइकं कमी आणि भांडणं जास्त. मी गिटार दुरुस्त करते. वाकलेली मान सरळ करणं, तिच्यावरच्या फ्रेटच्या पट्ट्या घासणं, तारा चढवणं, हे माझं पोट. पण रविवारी माझा मोठा भाऊ आणि त्याच्या जुन्या बँडमधला बेसवाला येऊन ठाण मांडतात, आणि प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये सगळ्यात भारी गिटार कोणाची यावर एकमेकांचं डोकं खातात. तीस वर्षं झाली, निकाल काही लागत नाही.

दादाचा जीव हॅकेटवर. बेसवाला गिलमोरचा भक्त. मी फ्रिपच्या बाजूची, कारण तो गुपचूप स्टुलावर बसून वाजवतो आणि मला कामाच्या वेळी नखरे केलेले खपत नाहीत.

"तुझा फ्रिप हेडमास्तर वाटतो गं," दादा म्हणायचा. "आणि याच्या गिलमोरने एक सूर ओढायला घेतला की माझा चहा संपतो, सूर संपत नाही."

मग हॅकेट कसा हळू आवाजात सांगून जातो, हे दाखवायला दादा आपली गिटार मांडीवर घ्यायचा. ते मात्र ऐकत राहावं असं असायचं. बेसवालासुद्धा तेवढा वेळ तोंड मिटायचा.

गेल्या वर्षी दादाच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. कोपरात नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, टाळू नका. तारीखही ठरली.

त्याच आठवड्यात दादा गिटार घेऊन आला. "चिमे, तारा फार वर आल्यात बघ. दाबल्याच जात नाहीत."

मी मापून पाहिलं. तारा होत्या तिथेच होत्या. पण त्याचा चेहरा इतका उतरलेला होता की माझ्याच्याने खरं सांगवेना. मी तारा थोड्या खाली घेतल्या आणि दहाच्या जागी नऊचा सेट चढवला. आकडा उतरला की तार बारीक होते, दाबायला हलकी जाते. दादाने जन्मात कधी स्वतः तार बदललेली नाही, ते काम माझ्याकडे.

"तोच सेट ना?"

"तोच रे. नेहमीचा."

पुढच्या रविवारी त्याने हॅकेटचा तो अवघड तुकडा वाजवला आणि ओरडलाच, "अगं, येतंय! हात सुधारतोय माझा!" खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभराने तो पुन्हा अडायला लागला, तेव्हा मी आठचा सेट चढवला. आवाज पातळ झाला म्हणून तारांखालचा, सूर टिपणारा पिकअप वर उचलून तेही झाकलं. केवढी हुशार मी!

मग एक दिवस वहिनी दुकानात आली. "अगं, यांनी ऑपरेशन रद्द केलं. म्हणतात, हात आपोआप बरा होतोय, गिटारवर कळतं मला. तू ऐकलंयस ना? खरंच वाजतंय?"

तिथे सांगायला हवं होतं मला. पण "हो, वाजतंय," म्हणाले. रविवारी दादालाच सांगू, असं ठरवलं. पण रविवारी तो असा काही रंगात आला होता की म्हटलं, पुढच्या रविवारी. असे पाच महिन्यांचे रविवार गेले. मला माझीच चीड येते हे सांगताना.

शेवटी एकदा बेसवाल्याने त्याला डिवचलं. "हॅकेट म्हणजे नुसती अंगाई रे. झोप येते."

दादा पेटला. त्याची गिटार कोपऱ्यात पिशवीत होती, आणि भिंतीवर एका गिऱ्हाइकाची, दुरुस्त होऊन टांगलेली. त्याने तीच ओढून घेतली. "ऐक, गाढवा."

चार सूर आले. मग त्याचं बोट तारेवर टेकलं आणि तार खाली जाईना. नुसता खट् असा आवाज. पुन्हा खट्. बेसवाला हसला, "म्हातारा झालास लेका," आणि मध्येच हसायचा थांबला.

दादाने ती गिटार बाजूला ठेवली आणि पिशवीतून आपली काढली. तोच तुकडा वाजवला. अडखळत, पण आला. मग त्याने सगळ्यात खालची तार चिमटीत धरून चोळून पाहिली आणि बेसवाल्यापुढे केली. "ही कितीची?"

"आठची की. तू आठच्या तारा कधीपासून वाजवायला लागलास?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात कानस होती, ती धड खालीही ठेवता येईना. तशीच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. "तुला वाईट वाटू नये म्हणून केलं रे," असंही म्हणाले. तो गिटार तिथेच टाकून निघून गेला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दुखणं कमी होईल, पण हाताचा स्नायू वाळलाय, ताकद परत येणार नाही. वेळेवर आला असतात तर गोष्ट वेगळी होती. वहिनीने माझ्याशी बोलणं टाकलंय. तिचं काही चुकलं नाही.

दादा बुधवारी आला, एकटाच. हाताला बँडेज होतं. स्टूल ओढून बसला. मला वाटलं, आता बरसेल. बरसला असता तर बरं झालं असतं.

"दादा, शिव्या दे. दोन थोबाडीत मार," मी म्हणाले.

त्याने नाही म्हणून मान हलवली. बँडेजची सुटलेली पट्टी आत खोचली. मग हळूच म्हणाला, "चिमे, त्या दिवशी तू सांगितलं असतंस ना, तारा जागच्या जागी आहेत, तुझा हातच गेलाय, तर मी घरी जाऊन एक दिवस रडलो असतो. फार तर दोन. मग मुकाट्याने गेलो असतो ऑपरेशनला."

त्याने वर माझ्याकडे पाहिलं.

"एवढं माझं एका दिवसाचं रडणं तुला बघवलं नसतं होय गं?"