रात्रपाळीची रातराणी

मित्रांनो, अचलपूरच्या एका परसात, न्हाणीला टेकून उभी असलेली मी जुनी रातराणी. आयशाबी लग्न होऊन आली, तेव्हा बार्शीटाकळीहून माझी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आली. न्हाणीच्या पाण्यावर मी वाढले.

दिवसा माझ्या कळ्या मिटलेल्या असतात. मगरिबची अजान झाली, अंधार उतरला, की त्या उघडतात आणि गल्लीभर वास जातो. तिची लहानगी लेक उज्मा भरदुपारी मला हुंगायची आणि रुसायची. आयशाबी हसून म्हणायची, "तिले सतावू नको. तिची रात्रपाळी हाये."

एका उन्हाळ्यात आयशाबी गेली. तिला शेवटची आंघोळ माझ्याच सावलीत घातली. त्या जागी चाळीसाव्या दिवसापर्यंत रात्रभर दिवा ठेवायची आमच्या घरची रीत. पूर्वी पणती असे. या वेळी तिच्या बहिणीनं, गुलफामखालानं, मोठा पांढरा बल्ब लावला. सूर्य मावळायच्या आत तो पेटे. माझ्या अंगातल्या घड्याळाला अंधारच चावी देतो, आणि मला संध्याकाळच उरली नाही. कळ्या मिटल्या मिटल्याच गळू लागल्या.

उज्मा अमरावतीहून येऊन राहिली होती. रोज मगरिबनंतर ती ओट्यावर बसे. आईच्या ओढणीला माझा वास असायचा, तो तिला एकदा तरी हवा होता. तो आला नाही. खाला म्हणाली, झाड मेलं, शिवाय रातराणीपाशी साप येतात, तोडून टाकू. उज्मा नुसतं 'बरं' म्हणाली. तोडणाऱ्याला सांगणंही झालं.

मग वादळात विजेचा खांब पडला आणि बल्ब विझला. पहिल्या रात्री मला काही जमलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी एक कळी उघडली, मग सगळ्याच.

उज्मा आत भांडी आवरत होती. हातातलं पातेलं तसंच घेऊन ती दारात आली आणि रिकाम्या न्हाणीकडे पाहत हळूच म्हणाली, "अम्मी, आली का पाळीवर?"

तेवढ्यात वीज आली. बल्ब पेटला. उज्मानं जाऊन बटण बंद केलं.

"चाळीसावा झाला नाही, पोरी," खाला म्हणाली.

"दिवा आत ठेव, खाला. उजेडात तिले येता येत नाही."

खालानं पणती लावून आत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी तोडणारा आल्यापावली परत गेला.

आता उज्मा सुटीला येते, तेव्हा मगरिबनंतर परसाचं दार लोटत नाही. मित्रांनो, झाडाला पाणी घालता तसा थोडा अंधारही राहू द्या. कोणाला तरी यायला तेवढीच वाट असते.