टाकीच्या तळाचा दगड

सरांच्या नळाला पाणी यायचं थांबलं तेव्हा दोन प्लंबर नेमके बाहेरगावी होते, म्हणून आला तो तिसरा, सरांचाच जुना विद्यार्थी. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्यानं गच्चीवरची टाकी धुतली त्याच दिवशी सरांचं मनगटी घड्याळ हरवलं, आणि सरांनी कठड्यावरून साऱ्या गल्लीला ऐकवलं, "यानंच लांबवलं!" तेव्हापासून या गल्लीत त्याला कुणी घरात एकटं सोडत नसे.

त्यानंतर सरांनी टाकीला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. दर उन्हाळ्यात स्वतः बादली घेऊन वर जात, दोन तासांनी कंबर धरून खाली येत. काकू आठवडाभर तेल चोळून देत.

आज प्लंबरनं टाकीत उतरून छिन्नी चालवली आणि तळाची पाटाएवढी खपली सरांपुढे ठेवली.

"गाळच ना रे?"

"होता. आता दगड झालाय. तुम्हीच शिकवलंत सर, पाणी थांबलं की जाड वाळू आधी बसते, बारीक गाळ मागून. वरचं वजन दाबतं आणि पाण्यातला चुना कण चिकटवतो."

काकू वाकल्या. "पट्टे आहेत की यात!"

"दर पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याचा एक, काकू. आणि सगळ्यांच्या खाली हे." त्यानं खपली उलटली. तळाशी घड्याळ रुतलेलं.

सरांची पंचाईत झाली. घड्याळ घ्यावं तर थर गळ्यात पडणार.

"माझं नाही ते."

"मग मी नेतो."

"खबरदार!"

"तुमचं असेल तर कठड्यावरून सांगा, त्याच आवाजात. हे बघा काकू, आठ थर. म्हणजे आठ वर्षं टाकीला..."

सरांनी चष्मा चढवला. "आठ? हा मधला पातळ दिसत नाही? पाऊस कमी झाला ते वर्ष! नऊ आहेत, नऊ! मागच्या बाकावर बसून हेच शिकलास?"

बोलून गेल्यावर सरांनी जीभ चावली.

"अहो," काकू म्हणाल्या, "मग कंबर कशानं दुखायची?"

सर मुकाट्यानं कठड्याशी गेले, खाकरले. "ऐका हो! घड्याळ टाकीतच होतं! यानं घेतलं नव्हतं!"

समोरच्या खिडकीतून आवाज आला, "टाकीत? पण तुम्ही तर दर वर्षी धुता ना?"

सर वळले. प्लंबर छिन्नी पुढे करून उभा होता, आणि काकू बादली.