जशीच्या तशी

माझी वहिनी बुटांचे नमुने काढते. साध्या बुटांचे नाही. ज्यांचा एक पाय आखूड आहे, टाच वाकडी आहे, बोटं एकमेकांवर चढली आहेत, अशांसाठीच्या बुटांचे. ती पायांची मापं कॉम्प्युटरवर घेते, त्यांवरून नमुना काढते, आणि मी तो चामड्यावर कापून शिवते. आमचं वर्कशॉप म्हणजे घराच्या मागची खोली. एका भिंतीला माझं शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला तिचा कॉम्प्युटर.

या कॉम्प्युटरने अगदी जेरीस आणलं होतं. बटण दाबून चहा टाकावा, पिऊन कप विसळून ठेवावा, तरी त्याचं आपलं गोल गोल फिरणं चालूच. शेवटी वहिनीने नवी ड्राइव्ह मागवली. हार्ड डिस्क नाही, ती नवीन चपटी, चॉकलेटच्या वडीएवढी एसएसडी. जेवताना तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "ऑपरेटिंग सिस्टीम जशीच्या तशी नव्या ड्राइव्हवर हलवायची आहे. क्लोन करायचं. मी वाचून ठेवलंय, रविवारी निवांत करते."

माझा धाकटा भाऊ ताटातून वर न बघता म्हणाला, "क्लोन कशाला? जुना कचरा नव्या घरात? फ्रेश टाका वहिनी. मी देतो टाकून."

"नको भाऊजी," वहिनी म्हणाली. "माझा मापांचा प्रोग्रॅम परत टाकता येत नाही. ती कंपनीच बंद पडली. नव्याने टाकायला गेलं की तो कंपनीची परवानगी मागतो, आणि परवानगी द्यायला तिथे आता कोणी नाही. त्यामुळे हात लावू नका."

यात न समजण्यासारखं काय होतं? मराठीतच बोलली होती. दादा, म्हणजे तिचा नवरा, तिच्या शेजारीच बसला होता. त्यानेही ऐकलं.

शुक्रवारी आम्ही दोघी एका शिक्षिकेकडे गेलो होतो. तिचा डावा पाय आखूड. वर्गात दिवसभर उभं राहून तिची कंबर धरायची. तिच्या बुटांचा नमुना तयार होता, फक्त टाचेची उंची पुन्हा एकदा तपासायची होती. परत आलो तर वर्कशॉपचं दार सताड उघडं. माझ्या शिलाई मशीनवर स्क्रू पसरलेले. धाकटा वहिनीच्या खुर्चीत रेलून बसलेला आणि दादा त्याच्या मागे कौतुकाने उभा.

"बघा वहिनी!" धाकट्याने बटण दाबलं. हूं की चूं न करता स्क्रीन लागली. त्यावर कुठल्याशा डोंगराचं चित्र. "विमान केलंय विमान!"

वहिनीने पर्सही खाली ठेवली नाही. वाकून स्क्रीनवर पाहिलं. "माझा प्रोग्रॅम कुठे आहे?"

"तुमच्या फाइल्स सगळ्या घेतल्यात. एकही सोडली नाही."

"फाइल्स उघडणार कशात?"

धाकट्याने कान खाजवला. "दुसरं काहीतरी बघू ना. फुकट मिळतात हल्ली."

"अगं, सरप्राइज होतं," दादा म्हणाला. "तुला खूश करायला केलं त्याने."

माझं डोकं तडकलं. सरप्राइज! माणूस तोंडाने नको म्हणतो, कारण सांगतो, आणि हे पाठ वळायची वाट बघून तेच करतात, वर म्हणतात खूश हो! मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीने विचारलं, "जुनी हार्ड डिस्क कुठे आहे?"

दोघे एकमेकांकडे बघायला लागले.

धाकट्याने ती सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं दुकान चालवणाऱ्या मित्राला देऊन टाकली होती. पडून राहण्यापेक्षा त्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात कामाला येईल म्हणून. त्या डब्यात गेली की आधी कोरी होणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. वहिनी आल्या पावली वळली. मी तिच्या मागे धावले.

दुकानदार हार्ड डिस्कवरची धूळ ब्रशने झाडत होता. वहिनीने हात पुढे केला. "ही माझी आहे. चुकून तुमच्याकडे आली. द्या."

"अहो, मला तर तुमच्या दिरांनी दिली," तो हसून म्हणाला. "असं करा, मिस्टरांना फोन करायला सांगा. उगाच घरात गैरसमज नकोत."

"ड्राइव्ह माझी आहे. मिस्टरांची नाही, दिरांची नाही. यात लोकांच्या पायांची मापं आहेत आणि ती मी घेतली आहेत. माझी वस्तू मला द्यायला मिस्टर कशाला हवेत?"

आवाज चढला नव्हता, पण दुकानातलं गिऱ्हाईक वायर निवडायचं थांबलं. दुकानदाराने तरी दादाला फोन लावलाच. स्पीकरवर दादा म्हणाला, "असू दे रे, झालं ते झालं. तिला म्हणावं घरी ये, बघू काहीतरी."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. फोनमध्येच ओरडले, "दादा, जरा लाज बाळग!" दुकानदाराने फोन ठेवला आणि हार्ड डिस्क निमूट काउंटरवर सरकवली.

घरी आल्यावर वहिनीने दोन्ही ड्राइव्ह जोडल्या. धाकटा दारात घुटमळत होता. "मी करू का? मला माहितीये."

"स्टूल घ्या, बसा. हात मांडीवर ठेवा."

तो खरंच बसला.

क्लोन करणारा प्रोग्रॅम विचारतो, कुठून कुठे. उलटं निवडलं तर नव्या ड्राइव्हवरचं जुन्या डिस्कवर जातं आणि सगळं संपतं. वहिनीने दोन्हींची नावं मला मोठ्याने वाचायला लावली, मग बटण दाबलं. अर्ध्या वाटेत ते अडलं. जुन्या हार्ड डिस्कचा एक कोपरा खराब झाला होता. वहिनीने आधी डिस्कची तपासणी-दुरुस्ती लावली, ती संपेपर्यंत शांतपणे नखं कापली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी पार पडलं.

मशीन चालू केलं तर काळी स्क्रीन. सुरू करण्यासारखं काही सापडत नाही, असा मजकूर.

"तरी मी सांगत होतो," धाकटा पुटपुटला.

"भाऊजी!" पहिल्यांदाच ती ओरडली. दादा आतून धावत आला. "एक शब्द नको. काय सांगत होतात तुम्ही? सांगत मी होते!"

तिने जुन्या हार्ड डिस्कची केबल काढली, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन नव्या ड्राइव्हला पहिल्या जागी आणलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. झटक्यात तिची स्क्रीन आली. तिची, डोंगरवाली नाही. मापांचा प्रोग्रॅम कुणाची परवानगी न मागता उघडला. शिक्षिकेचा डावा पाय समोर आला, टाचेच्या उंचीसकट.

"चला, गोड झालं ना शेवटी," दादा म्हणाला. "मग एवढा त्रागा कशाला?"

वहिनी खुर्ची वळवून त्याच्याकडे बघत राहिली. "मशीन मी नीट केलं. मी नको म्हटलेलं तुम्हा दोघांना ऐकूच गेलं नाही, ते कोण नीट करणार?"

धाकटा खाली बघून "चुकलं वहिनी" म्हणाला. दादा तेवढंही म्हणाला नाही. ती त्याच्याशी कामापुरतं बोलत राहिली, आणि मीही. कितीतरी दिवसांनी, भांडी पुसताना, तो तिला एकदाचं "माझंही चुकलं" म्हणाला. फडक्याकडे बघून म्हणाला, पण म्हणाला.

शिक्षिकेचे बूट मात्र मी त्या सोमवारीच पुरे केले. ते घालून ती आमच्या खोलीत फेऱ्या मारत राहिली, थांबायला तयारच होईना.

परवा मावशीकडे सगळे जमलो होतो. धाकटा कुणाला तरी सांगत होता, "वहिनींचं मशीन आपणच अपग्रेड केलं. विमान झालंय." वहिनी पलीकडे गप्पांत होती, तिला ऐकू गेलं नाही.

मला गेलं. मी हातातली बशी ठेवली आणि साऱ्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात ही गोष्ट पहिल्यापासून सांगितली.