धाकट्याचा कार्ब्युरेटर

एल्डनने खोक्यावरची चिकटपट्टी कापली, तेव्हा त्याला आठवलं ते पत्र. सात वर्षांपूर्वी ते ह्याच खोक्याबरोबर आलं होतं. तेव्हा त्याने ते वाचलं, घडी घातली आणि खोकं न उघडताच गॅरेजातल्या टेबलाखाली ढकललं. उत्तर दिलं नाही.

पत्र धाकट्या भावाचं, रॉइसचं. ‘तू बसवलेला कार्ब्युरेटर त्या इंजिनाला मोठा आहे, तुझी पुस्तकं काहीही म्हणोत. बाबांचा जुना पाठवतोय. तो लाव आणि प्लगच्या ठिणगीची वेळ चार अंश अलीकडे घे. दमडी लागणार नाही. फरक पडला तर तसं लिहून कळव. तेवढं तुझ्याने होणार नाही म्हणा.’

वडिलांनी जाताना पासष्ट सालची प्लिमथ गाडी थोरल्याला, एल्डनला, दिली आणि हत्यारांची पेटी धाकट्याला. त्या इंजिनात हात काळे केले होते ते रॉइसने. एल्डन तेव्हा वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारायचा. गाडी आपल्याला का मिळाली, हे त्यालाही कधी उमगलं नाही. म्हणूनच रॉइसचं बरोबर निघणं त्याला परवडत नव्हतं. पेन्शनमधून तो दर वर्षी काहीतरी स्वस्तातलं आणायचा, कुणाच्या तरी गाडीवरून उतरवलेले एक्झॉस्टचे पाइप, जुनी कॉइल. गाडी दर वर्षी आणखी मंदावायची.

गावाबाहेरच्या शर्यतीच्या पट्टीवर दर शनिवारी गाड्या पळवून पाव मैलाची वेळ लावत. वेळेची चिठ्ठी चौकीच्या खिडकीतून देण्याचं काम रॉइसचं. दोघं भाऊ भेटत ते तेवढेच. गेल्या शनिवारी रॉइसने माइक तोंडाशी धरला होता.

“सोळा पॉइंट चार सेकंद. मंडळी, ग्रंथपालसाहेब आजही उशिरा. दंड भरा, साहेब.”

सगळी पट्टी हसली होती. घरी येऊन एल्डनने ते खोकं टेबलाखालून ओढलं होतं.

खोक्यात तेलकट, गंजका गोळा असेल असं एल्डन धरून चालला होता. कार्ब्युरेटर लखलखत होता. गॅस्केटं नवी, फ्लोटची सुई नवी, पितळेचे बारके स्क्रूसुद्धा घासलेले. हे एका संध्याकाळचं काम नव्हतं. रॉइसने ते शिव्या घालत घालतच केलं असणार. एल्डन बराच वेळ तो हातात धरून उभा राहिला, मग पाना शोधू लागला.

ह्या शनिवारी पंधरा पॉइंट सहा लागले.

रॉइसने चिठ्ठी खिडकीतून पुढे केली, पण सोडली नाही.

“काय केलंस?”

“प्लग बदलले.”

“प्लग.”

“नवे घातले.”

रॉइसने प्लिमथकडे मान वळवली. इंजिन चालूच होतं. वीस वर्षं त्याची कुरकुर ऐकलेल्या माणसाला बॉनेट उघडून बघायची गरज नव्हती.

“बाबांनी गाडी तुला दिली आणि हत्यारं मला,” तो म्हणाला. “दोन्ही एकालाच द्यायला वेडे नव्हते ते. चल, गाडी काढ. मागे रांग लागलीय.”

चिठ्ठी एल्डनच्या हातात आली. तिचा एक कोपरा रॉइसच्या बोटांत फाटून राहिला.

सोमवारी सकाळी एल्डनने चार कागद फाडले. एकावर तर निव्वळ प्रस्तावनाच दीड पान झाली होती. शेवटी त्याने ती फाटकी चिठ्ठी पालथी घातली आणि पाठीवर लिहिलं, ‘प्लग नव्हते.’ पेन ठेवलं. पुन्हा उचललं. ‘पण चार अंश कमी पडले. मी पाच घेतले.’

रॉइस चार गल्ल्या पलीकडे राहायचा. तरीही एल्डनने पाकिटावर तिकीट लावलं, कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपर्यंत चालत गेला आणि पाकीट आत टाकलं. मग झाकण पुन्हा उघडून, ते खाली पडलं ना, हे वाकून पाहिलं.